हळदीच्या पेवातला माणूस

“माझ्या लेखात हळद कुणी घातली?”

आमच्या साप्ताहिकाच्या जिन्यातून ही गर्जना वर आली, तेव्हा कृष्णाकाठची कबुतरं थेट मिरजेला जाऊन बसली म्हणतात. मागोमाग अंक मुठीत चुरगाळत डॉक्टर आत आले.

सांगलीत नव्वदच्या दशकात राहिला असाल, तर तुम्ही त्यांना पाहिलं असेल. मानसशास्त्राचे डॉक्टर. गोळ्या देत नसत, माणसाला बोलतं करत. आमच्याकडे दर आठवड्याला मनाचं शास्त्र सोप्या मराठीत लिहीत. राग असा की समोरचा गार चहा पुन्हा उकळावा. साताऱ्यात एकाने त्यांना ‘वेड्यांचे डॉक्टर’ म्हटलं, तर ठरलेलं व्याख्यान सोडून दीड तास त्या एकट्यालाच झाडलं. “भीती वाटणं म्हणजे भित्रेपणा नव्हे,” हे वाक्य तर सांगलीच्या रिक्षांनासुद्धा पाठ होतं.

लेखात त्यांनी ‘एक कामगार’ एवढंच लिहिलं होतं. बंद जागेत त्याचा श्वास कोंडतो. मला ते अळणी वाटलं. त्यांना न विचारता मी लिहिलं, ‘हळदीच्या पेवात उतरणारा कामगार’. पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार. तोंड माणूस जेमतेम जाईल एवढं. वाचकाला चित्र दिसावं, म्हणून मारलेली थाप. जन्मात हजार थापा मारल्या, खरी निघाली ती ही एकच.

“अरे, तो पेवातच उतरायचा,” डॉक्टर ओरडले. “म्हणून तर मी गाळलं होतं. पाठ दुखते सांगून वर पोती शिवत होता. हळूहळू उतरला असता रे तो.”

पुढचं मला बाजारात कळलं. जोडीदारांनी पेवाच्या तोंडाशी बसून अंक मोठ्याने वाचला. “व्हय रं गड्या, ह्यो तर तूच की. तुजी पाठ न्हाई, छाती दुखतीया.” मुकादमाने सगळ्यांसमोर त्याला उतरायला सांगितलं. तो काठावर उभा राहिला, घामाने भिजला, आणि सायकल घेऊन निघून गेला. कामावर परत आला नाही. डॉक्टरांकडेही नाही.

पंधरा दिवसांनी मी माफी मागायला गेलो. दोन शिव्या खायची तयारी होती, चारसुद्धा चालल्या असत्या. डॉक्टरांनी चहा मागवला, तो समोर गार झाला. शेवटी मीच विचारलं, पुढच्या लेखासाठी कधी येऊ?

त्यांनी डायरी उघडली.

“सोमवारी चारला या. ती त्याची वेळ होती. आता मी मोकळा असतो.”