पुसलेली धावपट्टी

त्याला सगळं गाव टापटीपराव म्हणायचं, आणि उगाच नव्हे. गावाबाहेरच्या छोट्या विमानतळाचा तो एकटाच राखणदार. झाडू मारणारा तोच, गवत कापणारा तोच आणि विमान उतरायच्या आधी कुत्री हाकलणाराही तोच. विमानतळ म्हणजे तरी काय? एक डांबरी पट्टी, एक पत्र्याची शेड आणि वारा दाखवणारी कापडी नळी. पण याची ऐट बघावी! शेडमधल्या बाकावर कुणी ओला हात टेकला की हा फडकं घेऊन हजर. बायको म्हणायची, "अहो, एक दिवस वैमानिकाला सांगाल, आधी चाकं पुसा, मग उतरा."

ती थट्टा करायची, पण तिचा जीव त्याच पट्टीवर टांगलेला होता. तिच्या अंगात रक्त टिकत नसे. दर मंगळवारी डॉक्टरांचं लहानसं विमान रक्ताच्या पिशव्या घेऊन यायचं आणि महिन्यातून एकदा गावच्या दवाखान्यात तिला रक्त चढायचं. सकाळी पांढरीफटक पडलेली बाई संध्याकाळी नवऱ्याला टोमणे मारत घरी यायची. अशी बाकीचीही होती. कुणाची बाळंतीण अडली, कुणाचा हात यंत्रात गेला, की विमान बोलवायला आधी टापटीपरावाचं दार वाजायचं. काम झालं की हेच लोक टपरीवर चहा फुंकत म्हणायचे, "कशाला हवाय विमानतळ? चार श्रीमंतांची हौस!" गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय.

मग वरून हुकूम आला. ज्या पट्ट्यांवर विमानं उतरत नाहीत त्या बंद करायच्या, आणि तपासणीला साहेब येणार.

टापटीपरावाने कंबर कसली. चाकं जिथे टेकतात तिथे डांबरावर रबराचे काळे ओरखडे उठले होते, वर्षानुवर्षांचे. हा बाबा तारेचा ब्रश आणि साबणाची बादली घेऊन गुडघ्यांवर बसला. बायको डबा घेऊन आली नि बघतच राहिली.

"अहो, राहू द्या की ते काळं. धावपट्टी आहे, जेवायचं ताट नव्हे."

"अगं, साहेब येतोय. घाण दिसली तर म्हणेल, यांना सांभाळता येत नाही."

तळहात सोलून निघाले, पण एक ओरखडा शिल्लक ठेवला नाही. तेलाचे डाग घालवले, पांढरे पट्टे नव्याने रंगवले. आता काय म्हणावं या माणसाला!

साहेब आले. पट्टीभर चालले, वाकून डांबराकडे बघितलं.

"इथे खरंच विमानं उतरतात?"

"दर मंगळवारी, साहेब. अडीनडीला मध्येही."

"मग चाकांच्या खुणा कुठायत?"

"मी पुसल्या!" टापटीपराव छाती काढून म्हणाला.

साहेब खो खो हसले. "नोंदी आहेत साहेब," तो घाईघाईने म्हणाला, तर साहेब म्हणाले, "कागदावर काय हो, तुमच्या गावात पोहण्याचा तलावसुद्धा आहे." नगराध्यक्ष शेजारीच उभे होते. त्यांना त्या जागेवर दुकानांचे गाळे दिसत होते, ते कशाला तोंड उघडतायत?

पट्टी बंद झाली. विमान नाही म्हणून डॉक्टर येईनात. आता रक्तासाठी घाट ओलांडून मोठ्या शहरात जायचं, शेजाऱ्याच्या गाडीतून, दिवसभर वळणं घेत. बायको जायची नि ओकत ओकत परत यायची. जेवढं रक्त अंगात चढायचं तेवढा जीव रस्ता काढून घ्यायचा. टापटीपराव मांडीवर तिचं डोकं घेऊन बसायचा. आतल्या आत जळायचा, पण साहेब नेमकं काय म्हणाले ते त्याने तिला कधी सांगितलं नाही.

एका सकाळी शेजाऱ्याने बाहेर हॉर्न वाजवला, तरी ती अंथरुणातून उठली नाही.

"त्यांना परत पाठवा. मला नको आता तो रस्ता."

"अगं, असं कसं? रक्त नको का?"

"रस्त्यात मरण्यापेक्षा घरात बरी."

त्याने हात जोडले, रागावला, शेवटी रडला. ती ऐकेना. शेजारी बिचारा थांबून थांबून निघून गेला. मग टापटीपरावाच्याने राहवेना. खाली मान घालून त्याने सगळं ओकून टाकलं. साहेबांनी खुणा मागितल्या होत्या आणि त्याच त्याने घासून काढल्या होत्या.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "नगराध्यक्षांच्या बायकोने केव्हाच सांगितलं. गावभर हसले लोक."

"मग बोलली का नाहीस? राग नाही आला तुला?"

"आलाय की. अजून आहे. ताट नव्हे म्हणाले होते ना मी?" तिला धाप लागली. जरा थांबून ती कुशीवर वळली. "पण राग धरून बसायला आता वेळ कुठाय? पाठ दुखतेय. चोळा जरा."

तो तिच्या मागे बसून हलक्या हाताने पाठ चोळत राहिला.