लष्करी अळी आणि सासूबाईंचा जवळा

किडी मारण्यासाठी सरकार मला पगार देत असे, आणि माझ्या नोकरीतला सर्वांत यशस्वी हल्ला सासूबाईंच्या जवळ्यावर झाला. जवळा म्हणजे वाळवून ठेवायची बारीक कोळंबी, कीड नव्हे, हे मलाही ठाऊक होतं.

तेव्हा नवी मुंबई कुणाच्या स्वप्नातही नव्हती. माझी सासुरवाडी करावे. गावाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती. मी पनवेलला पीकसंरक्षणाचा अधिकारी. गावोगाव फिरून शेतकऱ्यांना औषध कसं मारायचं ते शिकवायचो. लग्न नुकतंच झालेलं. दिवाळसण आटोपला की दुसऱ्या दिवशी सकाळी पार्वतीला घेऊन पनवेलच्या खोलीवर जायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. (खोलीत मी नवी चटई आणि दोन कपबश्या आणून ठेवल्या होत्या. दोन!)

तेवढ्यात सासरे शेतावरून आले. "जावय, भाताच्या लोंब्या कोन तरी कापून टाकतंय."

लष्करी अळी! मला इतका आनंद झाला, की सासऱ्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं.

औषधाची भुकटी मारायची ती संध्याकाळी, वारा पडल्यावर. हे मी सबंध तालुक्याला शिकवलं होतं. पण संध्याकाळी अर्धं गाव खाडीवर जाणार. मग जावयाचा पराक्रम बघणार कोण? म्हणून भर दुपारी भुकटीचं यंत्र गळ्यात अडकवून शेतात उतरलो. बांधावर ही गर्दी. पार्वती सगळ्यांच्या पुढे, पदर तोंडाला लावून.

वारा गावाकडून खाडीकडे मंद वाहत होता. मी दांडा फिरवला. पांढरा ढग निघाला.

"याला म्हणतात शास्त्र," मी म्हणालो.

आणि वारा फिरला. खाडीवरून आला तो थेट ढग उचलून, माझं तोंड रंगवून, शेतामागच्या खळ्यात गेला. खळ्यात सासूबाईंचा जवळा वाळत पडला होता. सबंध घराची वर्षभराची बेगमी होती ती.

सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "आता ह्यो खायाचा का?"

"नाही. विष आहे. पुरून टाकावा लागेल."

"आन् अळ्या?" सासऱ्यांनी विचारलं. "मेल्या का?"

अळ्या दिवसा चिखलात लपून बसतात. (हेही मीच शिकवायचो.)

"नवा जवला सुकल, तवा पोरीला न्या," सासूबाईंनी निकाल दिला. "मना येकटीला व्हनार नाय."

मी दोन कपबश्यांकडे एकटा परतलो. त्यानंतर दर सुट्टीला करावे गाठायचं आणि खळ्यावर काठी घेऊन बसायचं. पार्वती जवळा खालीवर करायची, मी कावळे हाकायचो.

"तुमी कावलं हाकता, का मना बगता?"

"दोन्ही."

"मंग त्यो बगा, घेऊन चालला."

जवळा सुकूच नये असं मला वाटायला लागलं होतं. तसे दिवस पुन्हा आले नाहीत. त्यांच्यासाठी आजही जीव तुटतो.

पुढे शेत गेलं, तिथे इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यातल्याच एकीत आम्ही म्हातारपणी राहायला आलो. एका दुपारी गॅलरीत बसलो असताना पार्वती सहज म्हणाली, "त्या दिशी वारा फिरनार, मना म्हाईत व्हतं. दुपारचा त्यो खाडीवरशीच येतो."

मी चहा खाली ठेवला. "मग बोलली का नाहीस?"

"बोलली असती, त दुसऱ्या दिशी सकालीच आयला सोडून निंगावं लागलं असतं."

चाळीस वर्षं मी वाऱ्याला शिव्या घालत होतो!

पार्वती गेली, त्यालाही आता बराच काळ झाला. दुपारी वारा फिरला की मी गॅलरीत खुर्ची ओढून बसतो. आईकडेच गेली असणार, आणि जवळा सुकेपर्यंत म्हातारीने तिला ठेवून घेतलं असणार. सांगावा आला की मी निघेन. तोवर कठड्यावरचे कावळे हाकतो. त्यात शास्त्र नाही, म्हणून मला जमतं.