गुडघ्यातला काळा डाग

माइक बंद न करताच तंत्रज्ञ विनार्नो ओरडला, "अरे देवा, सगळं गेलं की!" काचेपलीकडे एमआरआयच्या यंत्रात निजलेल्या बू पुर्वांतींच्या हेडफोनमध्ये ते स्वच्छ ऐकू गेलं.

"काय गेलं, मास?" बाईंनी विचारलं. जावात पुरुषाला 'मास' म्हणजे दादा म्हणतात, आणि थोरल्या बाईला 'बू'.

"काही नाही, बू. माझा चहा सांडला."

त्या खोलीत चहा आणू नये, ही पाटी विनार्नोनेच लावली होती.

बू पुर्वांती जावातल्या सोलो शहरात आळीतल्या मुलींना दरबारी नाच शिकवत. गुडघे वाकवून तासन्‌तास अर्ध्या बैठकीत राहायचं आणि चेहऱ्यावर आठी उमटू द्यायची नाही! त्यात उजव्या गुडघ्यातली कूर्चा झिजून खड्डा पडला. सर्जननी त्यांच्याच कूर्चेतल्या पेशी वाढवून तिथे लावल्या. त्याला वर्ष झालं. लावलेलं रुजलं असेल, तर पुन्हा बैठक. नाहीतर जन्मभर खुर्चीवरून टाळ्या वाजवत शिकवायचं. या कल्पनेनेच बाईंची झोप उडाली होती.

आणि पडद्यावर नेमका तिथेच भला मोठा काळा डाग.

असा डाग धातूमुळेही पडतो, हे विनार्नो शिकाऊ लोकांना दरवर्षी बजावत असे. स्वतःला बजावायचं तेवढं राहून गेलं होतं. सकाळी त्याने अदबीने विचारलं होतं, "दागिनेबिगिने नसतीलच ना, बू?" बाईही तेवढ्याच अदबीने "नाहीत" म्हणाल्या होत्या. वैदूने मंत्र म्हणून कातडीखाली सरकवलेल्या सोन्याच्या सुईबद्दल, सुसुकबद्दल, थोरल्या बाईला तोंडावर कसं विचारणार?

"बू, माझी एक आत्या आहे... तिने म्हणे सोन्याचं काहीतरी... कातडीखाली..."

"आत्याला कशाला मध्ये आणता? आहे सुई, गुडघ्यापाशीच. ऑपरेशननंतर घातली, खात्रीला असावी म्हणून. कुणाला सांगितलं की तिचा गुण जातो म्हणतात. घ्या, घालवलात!"

विनार्नोने क्ष-किरण विभागातल्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं आणि आधी यथेच्छ बोलणी खाल्ली. सुई सोन्याची, यंत्राच्या चुंबकाने ओढली न जाणारी, म्हणून निभावलं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे यंत्राची मांडणी बदलून पुन्हा चित्रं घेतली. डाग आक्रसून मसुरीएवढा झाला आणि त्यामागून लावलेली कूर्चा दिसली. खड्डा काठोकाठ भरलेला, शेजारच्या कूर्चेशी सपाट, कडेला भेग नाही.

"रुजलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हळूहळू बैठक सुरू करा."

बू पुर्वांतींनी डोळे पुसले. विनार्नोची छाती उगाचच फुगली.

"मग बू, श्रेय कुणाचं म्हणायचं? सर्जनचं, सुईचं, की..." पुढचं तो विनयाने बोलला नाही.

"तुमचं तर नाहीच."