ओट्यासमोरचा शब्द

पन्नाशीत बी.ए.ला बसलेली माझी बायको पोळ्या लाटता लाटता ओट्यासमोर चिकटवलेले इंग्रजी शब्द घोकते. इंग्रजीच्या पेपरने तिला दोनदा पाडलंय. आजचा शब्द होता ‘टेनेशस’.

“कोशात ‘चिवट’ दिलंय. पण वाक्यात कसा घालू, सांगा ना!”

मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. रात्रीच्या वाऱ्याने कारल्याचा मांडव पार आडवा केला होता. वेल मात्र दोऱ्याएवढ्या तणाव्यांनी खिडकीच्या गजांना विळखे घालून तसाच उभा होता, वर एक पिवळं फूल मिरवत. अर्थ कोशात सापडतो. शब्द भेटतो तो असा, कामावर असताना.

“अहो, मिळालं वाक्य!” पिठाचे हात उंचावून ती ओरडली.

मलाही मिळालं होतं. माझ्या वाक्यात वेल नव्हता, ही होती.