मास्तरांचा डावा पाय

चहा पिताना मास्तर डावा पाय जमिनीवर दाबायचे, क्लच असल्यासारखा. रांगेत उभे राहिले की डावा हात हळूच पुढे जायचा, गिअर टाकल्यासारखा. गाडीत रेडिओ लावू द्यायचे नाहीत. बायकोशी वाजलं की म्हणायचे, "थांब, आधी न्यूट्रलला येऊ दे."

रेसट्रॅकवर ते वेगात गाडी चालवायला शिकवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मी साहित्य शिकलेला. ट्रॅकची माहितीपत्रकं लिहायला लागलो आणि त्यांच्याशी गट्टी जमली. ते माझ्या दुप्पट वयाचे.

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी त्यांचा गुडघा पाहिला. क्लच बंद, म्हणाले. ट्रॅकवर राहायचं तर ऑटोमॅटिक. मास्तर आयुष्यभर ऑटोमॅटिकला 'पाळणा' म्हणत आले होते.

"एक फेरी मारून तर बघा, बाबा," मुलगी म्हणाली. ती त्यांच्याच हाताखाली तयार झालेली.

एकाच बनावटीच्या दोन स्पोर्ट्स कार होत्या. एक मॅन्युअल, एक ऑटोमॅटिक. मास्तर ऑटोमॅटिकमध्ये बसले, मी शेजारी. पहिल्या वळणाआधी त्यांच्या डाव्या पायाने सवयीने क्लच दाबला. तिथे क्लच नव्हता, रुंद ब्रेक होता. गाडी किंचाळून थांबली. पट्ट्याने मला धरलं म्हणून वाचलो.

"काय साहित्यिक, आहात ना?"

"अजून तरी आहे."

मुलगी धावत आली. तिने त्यांच्या डाव्या पायातला बूटच काढून घेतला. "आता आठवण राहील."

राहिली. पुढच्या फेरीनंतर तिने घड्याळ दाखवलं. मॅन्युअलवरच्या त्यांच्या सगळ्यात चांगल्या फेरीपेक्षा जवळपास दोन सेकंद कमी.

मला वाटलं, खचतील. ते एका बुटावर गाडीभोवती फिरले.

"लबाड आहे! गिअर बदलताना दमच सोडत नाही. आपण क्लच दाबतो तेवढा वेळ गाडी नुसती घरंगळते."

"म्हणजे पाळणा जिंकला?"

"सरळ रस्त्यावर. पण पाचव्या वळणात या गाडीने मध्येच आपल्या मनाने गिअर बदलला. गाडी डगमगली. माझा हात तसं करणार नाही." मग म्हणाले, "ट्रॅक मी सोडत नाही. पाळणा तर पाळणा. फक्त इतकी वर्षं हा हात उगाच राबला का, एवढं कळू दे."

रोज एक वळण घ्यायचं ठरलं. मॅन्युअल मुलगी चालवणार, ऑटोमॅटिक ते. वळणाच्या दोन्ही टोकांना नारिंगी शंकू ठेवायचे आणि मी वेळ मोजायची. पहिली चारही वळणं ऑटोमॅटिकने जिंकली.

"बाबा, चार-शून्य!"

"तुझी जीभ तुझ्या गिअरपेक्षा जोरात चालते. उद्या बघू."

गुरुवारी पाचव्या वळणाच्या तोंडाशी त्यांनी शंकू ठेवला. दुसरा काखेत मारून चालू लागले. मध्येच खाली बसले. मला वाटलं, गुडघा. गुडघा नव्हता, हृदय होतं. आम्ही पोचेपर्यंत संपलं होतं.

हे लिहिताना अजून डोक्यात तेच येतं: त्या वळणात काय झालं असतं?

मुलीला विचारलं. ती म्हणाली, "मलाही बघायचंय. पण आत्ता नको."

पाचव्या वळणाच्या सुरुवातीला एक शंकू उभा आहे. शेवटाचा लावायचा राहिला.