गाडीची नोंद की फेरीची

माझी आयुष्यात बऱ्याच उद्धट माणसांशी गाठ पडली, पण जिवाचा खरा संताप केला तो दोन अतिशय सभ्य माणसांनी. दोघेही सॉफ्टवेअर आर्किटेक्ट. एक पुण्याचे, एक नागपूरचे.

गडचांदूरकडच्या एका सिमेंट कारखान्याच्या गेटवर ट्रकांची ये-जा नोंदवणारं सॉफ्टवेअर आम्हा तिघांना मिळून आखायचं होतं. तिसरी मी, त्याच बाजूच्या आरमोरीची. मीही आर्किटेक्टच होते, पण पुणेकर साहेब माझी ओळख करून देताना "या आपल्या इथल्याच" एवढंच म्हणायचे, जणू कारखान्याच्या गेस्ट हाउसबरोबर मीही मिळाले होते.

प्रश्न साधा होता. नोंद कशाची ठेवायची, गाडीची की फेरीची? एकच ट्रक दिवसातून दोन-तीनदा येतो. पुणेकर म्हणाले, गाडीची. नागपूरकर म्हणाले, फेरीची. मलाही फेरीचंच पटत होतं आणि मी तसं सांगितलं. दोघं मोकळेपणानं भांडले असते तर एका चहात निकाल लागला असता. पण भांडणं त्यांना कमीपणाचं वाटायचं.

"तुमचा मुद्दा फार मोलाचा आहे," पुणेकर म्हणायचे.

"तुमच्यामुळे मला नवी दिशा मिळाली," नागपूरकर म्हणायचे.

मग दोघं आपापल्या खोलीत जाऊन आराखड्याचं आधीचंच चित्र पुन्हा काढायचे.

आमच्या घरी धानाच्या रोवणीच्या वेळी बाबा आणि काका शेताच्या धुऱ्यावर उभे राहून एकमेकांचा उद्धार करायचे. पण पाणी कोणत्या बांधीत आधी सोडायचं ते संध्याकाळपर्यंत ठरलेलं असायचं. या दोघांचं आठवडे उलटले तरी काही ठरेना. शेवटी त्यांनी तोडगा काढला. पुणेकरांचा भाग गाडी नोंदवेल, नागपूरकरांचा फेरी, आणि दोन्ही जुळवणारा तिसरा भाग मी आखायचा.

"सर, दोन नोंदी जुळल्या नाहीत तर खरी कोणती मानायची?" मी विचारलं.

"असं होणारच नाही," पुणेकर म्हणाले. "आपण एक टीम आहोत."

"होईल सर. गेटवर गाड्या अडतील."

दोघांनी मान डोलावली. त्यांच्या मान डोलावण्याचा अर्थ 'नाही' असा असतो, हे मला तोवर कळलं होतं.

चाचणीच्या दिवशी पहिली फेरी नीट गेली. दोघांनी हस्तांदोलन केलं आणि फोटोही काढून घेतला. दुपारी तोच ट्रक पुन्हा आला आणि गेट उघडेना. फेरीच्या हिशेबानं तो केव्हाच बाहेर पडला होता; बाहेर पडल्याची नोंद फक्त फेरीत होत असल्यामुळे गाडीच्या हिशेबानं तो अजून आतच होता. खरं कोणाचं ते कोणीच न सांगितल्यानं माझा तिसरा भाग दोघांचं एकमत होण्याची वाट बघत थांबला होता.

ड्रायव्हर खाली उतरून माझ्याकडे आला. "बाई, काऊन नाई उघडून राह्यलं गेट?"

"मशीन म्हणते तुमची गाडी अंदर हाय, भाऊ."

त्यानं मागे वळून आपल्या ट्रककडे पाहिलं. "मंग हे कोनाची हाय?"

मागे ट्रकांची रांग वाढत चालली होती. सिमेंटच्या धुळीत हॉर्न वाजत होते आणि आमचे दोन विद्वान सावलीत उभे राहून बोलत होते.

"आपल्यासाठी हा शिकण्याचा टप्पा आहे," पुणेकर म्हणाले.

"अगदी माझ्या मनातलं बोललात," नागपूरकर म्हणाले.

गेटवरच्या गार्डनं कंटाळून आडवा दांडा हातानं वर केला आणि दोरीनं बांधून टाकला. सगळ्या गाड्या आत गेल्या. काही दिवसांनी गाडीचा भाग 'सर्वानुमते' गुपचूप काढून टाकण्यात आला.

कंपनीच्या कार्यक्रमात दोघांचा उत्कृष्ट सहकार्याबद्दल सत्कार झाला. शाल घेताना प्रत्येकानं श्रेय दुसऱ्याला दिलं आणि लोकांना ते हृद्य वाटलं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांच्याशी मला भांडता आलं असतं तरी बरं झालं असतं, पण भांडायला समोर माणूस लागतो. तिथे नुसता नम्रपणा उभा होता.

पुढे मी ती नोकरी सोडली. आता ज्या बाईंबरोबर काम करते, त्यांनी पहिल्याच दिवशी माझा आराखडा पाहून विचारलं, "हे काय करून ठेवलं तू?" आम्ही दुपारभर भांडलो. त्या दिवशी मी घरी हलक्या मनानं गेले.