तीन परदेशी वादक आणि म्हसूचा पखवाज

मी महादेवाची सेवा करत होतो की माझ्या पेटीची, ही शंका मला चाळिशी उलटल्यावर आली. त्याआधी शंका घ्यायला सवडच नव्हती. भजनात माझे दोन्ही हात अखंड चालू असत. चौसाळ्यात माझं किराणा दुकान आणि दर सोमवारी देवळात भजन. मास्तर गायचे, म्हसू धनगर पखवाजावर आणि पेटीवर अस्मादिक. मास्तरांनी श्वास घेतला की तेवढ्या फटीतही मी चार सूर कोंबायचो. लोक माना डोलवायचे. त्या माझ्यासाठीच डोलतात, याबद्दल मला तिळमात्र संशय नव्हता.

नव्वदीनंतर गावोगावच्या भजनी मंडळांच्या कॅसेटी निघायला लागल्या, तशी आम्हालाही हुक्की आली. टेपरेकॉर्डर माझा, म्हणून माईक कुठं ठेवायचा हे ठरवणाराही मीच. ठेवला पेटीच्या तोंडाशी. म्हसूनं त्या दिवशी पखवाजाला ताजी कणीक लावली होती, नवं धोतर नेसला होता. पहिली कॅसेट तो आईसाठी घेऊन गेला. म्हातारी अंथरुणाला खिळलेली. देवळात येणं तिचं कधीच सुटलं होतं.

पुढच्या सोमवारी तो आला नाही. तो दुकानावरून जाताना मी हटकलं, तर म्हणाला, "आप्पा, मायनं दोन्ही बाजू ऐकल्या. शेवटी म्हणली, लेकरा, तू कवा वाजवणार?"

मी हसलो. खरंच हसलो, आणि वर सांगितलं, "जरा जोरानं हाणायचं की बे." तो वस्तीच्या वाटेला लागला.

आमच्या कॅसेटीच्या आणखी प्रती काढायला मी बीडच्या बाजारातून जुन्या, भरलेल्या कॅसेटी आणल्या. वरच्या खाचेत कागदाचा बोळा कोंबला की त्यावर नवं भरता येतं, ही माझी दुकानदाराची अक्कल. त्यातल्या तीन कॅसेटींवर कुणीतरी पेनानं लिहिलेलं: जॅझ, पियानो ट्रायो. पियानो म्हणजे आपल्या पेटीचा श्रीमंत चुलता, पुसण्याआधी ऐकावं म्हटलं. तर वाजवणारे तिघंच, आणि त्यातला पियानोवाला चार सूर वाजवायचा आणि थांबायचा. मग खालून एक जाड तार हळू बोलायची. आणि ढोलवाला काठी मारतच नव्हता. अंगण झाडावं तसा नुसता खराटा फिरवल्याचा आवाज. इतका बारीक, तरी स्वच्छ ऐकू येत होता. पियानोवाला आता मधे घुसेल, मग घुसेल, म्हणून मी वाट बघत राहिलो. माझी बोटं गल्ल्यावर वळवळत होती, पण तो काही घुसला नाही. तिन्ही कॅसेटी ऐकून झाल्यावर मी आमचं भजन लावलं. पिठाची गिरणी सुरू झाली जणू. त्यात म्हसू कुठंच नव्हता.

त्या कॅसेटी कुणाच्या घरातून निघाल्या, माझ्याच पिशवीत कशा पडल्या, मला ठाऊक नाही. वाद घालायचाही नाही. पण महादेवानं हाक मारली तरी लगेच उठेल तो मी कसला? लाज गिळायला दोन महिने लावले.

मग टेप घेऊन म्हसूच्या वस्तीवर गेलो. त्यानं एक बाजू पूर्ण ऐकली. खराट्याचा तुकडा पुन्हा लावायला सांगितला. तो संपल्यावर म्हणाला, "त्याचं कुणीतरी ऐकतंय, आप्पा. म्हणून त्याला जोरानं हाणावं लागत न्हाई."

मी हात जोडले. चुकलो म्हणालो. पुन्हा कॅसेट भरू, माईक तुझ्यापाशी ठेवू, असंही म्हणालो.

"आता कुणाला ऐकवू?"

म्हातारी पंधरा दिवसांपूर्वी गेली होती. दोन कोसांवरची बातमी, माझ्यापर्यंत पोचली नव्हती. म्हणजे आली असेलही, मी पेटी वाजवत असेन. पखवाज त्यानं बहिणीच्या गावच्या देवळाला देऊन टाकला होता. भांडला नाही, चहा पाजला. परत मात्र आला नाही, आजतागायत.

आता दुसरा पखवाजवाला आहे. माईक त्याच्या बाजूला असतो. दर सोमवारी दुसऱ्या कडव्यानंतर मी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवतो. हात शिवशिवतात, काहीतरी दाखवावंसं वाटतं, पण आवरतो. त्या अनोळखी तिघांचे आणि ज्यानं त्यांना माझ्या दुकानात धाडलं त्याचे उपकार मानतो. इतक्या वर्षांत महादेवाची माझ्या हातून काही सेवा घडली असेल, तर हात मांडीवर असतात तेवढ्या वेळात.